नळाला बांधलेला पट्टा

३ जानेवारी, शुक्रवार

ही वही औषधाच्या दुकानातून फुकट मिळाली. वर्षभर त्यांच्या गोळ्या गिळल्याचं बक्षीस. प्रत्येक पानाच्या तळाशी गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात आहे. असो. मला चिडायला कागद हवा होता, तो मिळाला.

सूनबाई आज तिसऱ्या मुलाखतीहून परत आली. चपला कपाटात ठेवल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "नाही झालं."

"विचारलं काय?"

"तेच. अकरा वर्षं काय करत होता."

"मग तू काय सांगितलंस?"

"घरी होते, म्हटलं."

घरी होते! नऊ वर्षं ही बाई माझ्या मुलाच्या दोन्ही मूत्रपिंडांचं काम करत होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाण्याचा घोटन् घोट मापून, रात्री-अपरात्री रिक्षा. येत्या मार्चमध्ये त्याला जाऊन दोन वर्षं होतील. या सगळ्याआधी ती इंजिनिअर होती. दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी हिरवी रेघ दाखवणारं यंत्र असतं ना, त्याच्या आतली सर्किटं ही आखायची. आणि समोरचा गृहस्थ म्हणतो, "मॅडम, मधल्या काळात तंत्रज्ञान फार पुढे गेलंय." त्याने नेलं की काय पुढे? ते गेलं आपल्या पायांनी, हा नुसता दारात उभा राहून तिकिटं तपासतोय.

मी म्हटलं, "मला न्यायचंस. दोन शब्द सुनावले असते."

"म्हणूनच नेलं नाही," ती म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

५ जानेवारी, रविवार

जेवणाच्या टेबलाचं आजपासून वर्कशॉप झालं. जुन्या बाजारातून आणलेला, स्क्रीनवर विजेची रेघ दाखवणारा ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर, सोल्डरिंगची बंदूक, डब्या, चिमटे, रबराची काळी चटई. आपण ताट कुठे ठेवायचं ते आता ओट्याला विचारायचं.

सगळ्यात विनोदी म्हणजे पट्टा. कामाला बसताना ती मनगटाला एक पट्टा बांधते, पट्ट्याला लांब वायर, वायरीचं टोक चिमट्याने स्वयंपाकघरातल्या नळाला. नळाला बांधून घातलेली इंजिनिअर मी पहिल्यांदाच पाहिली.

"पळून जाशील म्हणून का गं?"

ती हसली. "अंगात वीज साठते, आई. ती नळातून जमिनीत जाते. नाहीतर बोर्डाला धक्का बसतो."

"माझ्या अंगात काय काय साठलंय ते नळाला झेपायचं नाही."

मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "एक सांगू? या चटईवरच्या वस्तूंना तेवढा हात लावू नका. धूळ दिसली तरी. मी पुसेन."

हे मला! अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं म्हणून बाविसाव्या वर्षी परगावचे कॉल जोडणारी ट्रंक ऑपरेटर, आणि शेवटची तीन वर्षं सुपरवायझर. पाळी सुरू झाली की पहिली दहा मिनिटं प्रत्येक पितळी प्लग कोरड्या लोकरी फडक्याने घासायचा, हा आमच्याकडचा नियम. मळक्या प्लगवर बोलणं खरखरतं. माझ्या बोर्डावरचे प्लग सोन्याचे वाटायचे. शाळेत नखांखालचा मळ दिसला तर सिस्टर पट्टीने बोटं सोलायच्या, त्या तालमीतली मी. आणि मला सांगते, हात लावू नका.

९ जानेवारी, गुरुवार

एका कंपनीचं पत्र आलं. मध्ये खंड पडलेल्या इंजिनिअर बायकांसाठी एक जागा काढली आहे. एकच. परीक्षेची तऱ्हा बरी वाटली: हृदयाचे ठोके दाखवणारा एक बिघडलेला बोर्ड घरी देतात, दहा दिवसांत दोष शोधून दुरुस्त करायचा, लिहून आणायचा आणि वीस तारखेला त्यांच्यासमोर चालवून दाखवायचा. "यात अकरा वर्षांचं कुणी विचारणार नाही, आई. बोर्ड चालला तर चालला." बोर्ड चंदेरी पिशवीत आला. तिने तो दोन्ही हातांनी कडेला धरून बाहेर काढला, तान्ह्या मुलाचं अंग पुसताना धरतात तसा. तिला मूल नाही. माझ्या मनात आलं ते लिहिलं, एवढंच.

समोरच्या दाराची बाई विरजण मागायला आली होती. तिला प्रत्येक घरातल्या प्रत्येक गोष्टीची मूळ कथा हवी असते. "पण मुळात तिने नोकरी सोडलीच कशाला?"

मी सरळ सांगितलं. मुलगा आजारी पडला, कुणीतरी घरी राहायला हवं होतं. माझी तीनच वर्षं उरली होती, सुपरवायझरची खुर्ची मिळून महिना झाला नव्हता. ती तरुण होती, हुशार होती, तिला पुढे कधीही नोकरी लागली असती. मी विषय काढला आणि ती लगेच हो म्हणाली. एका शब्दाने वाद नाही. 'वैयक्तिक कारणासाठी' असं राजीनाम्यात लिहिलं तिने. इंग्रजी जरा ढिलं होतं, ते मीच दुरुस्त करून दिलं. दोन स्वल्पविराम आणि एक क्रियापद.

"हो का," समोरची म्हणाली आणि वाटी घेऊन गेली.

तिच्या त्या 'हो का'चा मला अजून राग येतोय.

१३ जानेवारी, सोमवार

चार दिवस झाले, दोष सापडत नाही. पूर्वी नुसत्या डोळ्यांनी करायची ते काम आता भिंग लावून करते. आज सोल्डरचा एक टाका तीनदा उकलला. मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर बदलून घे." तिने भिंग पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं.

दुपारी न्हाणीघरात गेली ती वीस मिनिटं. नळ सोडलेला. बाहेर आली तेव्हा बादली कोरडी. मी सुनावलं, "पाणी काय फुकट येतं? बादली नाही, तांब्या नाही, नुसता नळ सोडून बसायचं?"

"चुकलं," म्हणाली. डोळे लाल होते. त्या सोल्डरच्या धुराने होत असणार. उद्यापासून खिडकी उघडी ठेवायला सांगणार आहे.

१५ जानेवारी, बुधवार

तिच्याबरोबर सुट्या भागांच्या दुकानात गेले. फूटभर रुंद दुकान, भिंतभर खण, आणि दुकानदार एका डोळ्याला भिंग लावलेला, तेच डोक्यावर सरकवून बोलणारा. तिला पाहून उठून उभाच राहिला.

"मॅडम! अहो कुठे होता? मला वाटलं परदेशी गेलात."

"घरीच होते."

"तुमचा खण अजून आहे. हा बघा. तुम्ही अर्धा टक्केवालेच रेझिस्टर घ्यायच्या, दुसरं कुणी विचारत नाही. फेकवले नाहीत."

खणावर तिचं माहेरचं नाव होतं, शाई फिकटलेली. लग्नाआधीपासूनचं गिऱ्हाईक. तिने खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. काही घेतलं नाही त्यातलं. एक वेगळाच भाग घेतला आणि आम्ही निघालो. वाटेत माझं बोलणं ऐकत नव्हती.

१८ जानेवारी, शनिवार

सापडला! चालला!

सकाळी साडेदहाला "आई, या" अशी हाक आली. लग्न होऊन आली तेव्हा तिचा आवाज असा असायचा. स्क्रीनवर हिरवी रेघ उड्या मारत होती. तिचेच ठोके होते ते, मनगटांना आणि घोट्याला चिकटपट्ट्या लावलेल्या.

"दोष काय होता?"

"एवढासा कपॅसिटर. बाहेरून धडधाकट दिसत होता. आतून गेलेला."

यावर एखादं भारदस्त वाक्य सुचत होतं, पण कुकर लावायचा होता.

"तुमचे बघायचे का? माझे बघून मी कंटाळले."

मग मला पट्ट्या लावल्या. माझं हृदय स्क्रीनवर आलं. "अगदी नियमित," ती म्हणाली.

"नियमितच असणार. शिस्तीत वाढलंय."

ती हसली. मग हसायची थांबली. आम्ही दोघी तशाच बघत राहिलो. अशी रेघ आम्ही दोघींनी मिळून याआधी एकदाच पाहिली आहे. तेव्हा नर्सने बटण दाबून आवाज बंद केला आणि रेघ तशीच चालू राहू दिली, सपाट.

तिने वायरी काढल्या. शेवटची पट्टी ओढताना विचारलं, "दुखलं?"

नाही म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

हवा कोरडी, कडाक्याची थंडी. सकाळी निळा स्वेटर डोक्यातून काढताना चटचट आवाज झाला आणि केस उभे राहिले. आरशात साळिंदर दिसलं.

उद्या परीक्षा. सूनबाई कपडे इस्त्रीला द्यायला खाली गेली होती. टेबलावर चंदेरी पिशवी, चटईवर बोर्ड. पाहिलं तर त्यावर दहा दिवसांची धूळ, टाक्यांच्या आसपास डाग, आणि कडेच्या सोनेरी दातांवर तिच्याच बोटांचे ठसे. असं लेकरू मोठ्या माणसांसमोर न्यायचं? हात लावू नका म्हणाली होती, पण ते घाईत बोललेलं. मला वायरी कळत नाहीत असं थोडंच आहे.

फ्लॅनेलचं फडकं सापडेना. जुन्या निळ्या स्वेटरची बाही हाताशी होती. हलक्या हाताने पुसला, एक्स्चेंजमध्ये पुसायचो तसा, एकाच दिशेने. सोनेरी दात असे चमकले की बस. पुन्हा चटईवर नीट ठेवला, जसा होता तसा.

तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला आभार मानावे लागले असते, आणि आम्हा दोघींना त्याची सवय नाही.

२० जानेवारी, सोमवार

नाही चालला.

ती चार वाजता आली. "रेघ आलीच नाही," एवढंच म्हणाली.

"शनिवारी मी डोळ्यांनी पाहिली! त्यांचंच यंत्र बिघडलेलं असणार. तू म्हणायचं नाहीस तसं?"

"यंत्र ठीक होतं, आई. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं."

"मग काय झालं?"

ती बराच वेळ खुंटीकडे बघत होती. तिथे माझा निळा स्वेटर लटकत होता.

"थंडी वाजतेय का? घाल तो," मी म्हटलं.

"नको."

रात्री जेवली नाही. मी त्या कंपनीला एक खरमरीत पत्र लिहिणार आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

मी कुणाच्या वह्या वाचत नाही. सूनबाईची ही टेबलावर उघडी पडली होती.

परीक्षेच्या टिपणाची प्रत. इंग्रजी स्वच्छ होतं, दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या पानावर: 'ठोक्यांची नोंद घेणारी चिप स्टॅटिकमुळे निकामी. सोनेरी कडेवर घासल्याच्या खुणा. चिपच्या पायाशी लोकरीचा धागा. कारण: हाताळणीतली चूक. जबाबदार: मी स्वतः.'

तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःला का दोष द्यायचा? इतकी जपून वागणारी मुलगी, नळाला बांधून घेणारी, तिच्या हातून कशी चूक होईल? हा भिडस्तपणा तिला आयुष्यभर नडला. विचारलं की हो म्हणायचं, ढकललं की सरकायचं.

मग पान उलटलं. मागे पारदर्शक चिकटपट्टीखाली धागा जपून ठेवलेला होता. नखाएवढा.

निळा. तो रंग मी ओळखते. स्वेटर मीच विणलाय.

२४ जानेवारी, शुक्रवार

एकटीच दुकानात गेले. भिंगवाल्याला विचारलं, स्टॅटिक म्हणजे काय. एका ओळखीच्या बाईने बोर्ड लोकरीने पुसला, असं सांगितलं.

"लोकरीने? या हवेत?" त्याने भिंग डोक्यावर सरकवलं. "अहो बाई, त्यापेक्षा हातोडा घ्यायचा. निदान आवाज तरी झाला असता."

"एक्स्चेंजमध्ये आम्ही रोज पुसायचो."

"ते पितळ होतं हो. पितळेला काय होतंय. ही चिप फार नाजूक. आपल्याला ठिणगी कळतसुद्धा नाही, आणि हिच्यावर वीज कोसळते. वरून बघाल तर बोर्ड पहिल्यापेक्षा सुंदर."

मी दाराशी पोचले तेव्हा तो मागून म्हणाला, "त्या ओळखीच्या बाईंना सांगा, मुद्दाम तर केलं नाही ना."

नाही. मुद्दाम नाही केलं. मी आजवर कुणाचंच काही मुद्दाम केलेलं नाही. घरी येईपर्यंत हेच वाक्य मनात घोळत होतं, आणि दर वळणावर ते जास्त वाईट ऐकू येत होतं.

तिला अजून सांगितलेलं नाही. शाळेत ख्रिस्ती मुली शनिवारी कबुलीच्या खोलीत जायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर. ते शिक्षण राहूनच गेलं.

२७ जानेवारी, सोमवार

कंपनीत गेले. दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं.

दारावरच्या वॉचमनने विचारलं, "अपॉइंटमेंट?" म्हटलं, "बाळा, मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला उभ्याने थांबवलंस तर तुलाच अँब्युलन्स बोलवावी लागेल." आत सोडलं.

परीक्षा घेणारी बाई चाळिशीची, बारीक केसांची, बोलायला मऊ. मी भांडायच्या तयारीने गेले होते, त्यामुळे तिच्या मऊपणाने पंचाईत झाली. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "बोर्ड मी पुसला. माझ्या स्वेटरने. सुनेला माहीत नव्हतं. तिने नको सांगितलं होतं. तिला जागा द्या."

तिने मला खुर्चीत बसवलं. पाणी दिलं.

"जागा शुक्रवारीच भरली, मावशी."

शुक्रवारी मी दुकानात हातोड्याच्या गोष्टी ऐकत होते.

"पण आम्ही त्यांना त्याच दिवशी विचारलं होतं," ती म्हणाली. "त्यांची दुरुस्ती उत्तम होती. आम्हाला दिसत होतं की बोर्ड नंतर कुणीतरी घासलाय. विचारलं, घरी दुसऱ्या कुणाचा हात लागला का? तसं असलं तर आम्ही दुसरा बोर्ड देतो, आठ दिवसांची मुदत देतो. नियमच आहे तसा. लहान मुलं असतात घरोघरी."

"मग?"

"त्या म्हणाल्या, घरी मी एकटीच असते."

मी पाणी संपवलं. पेला कुठे ठेवायचा ते विचारलं. तिने सांगितलं, तिथे ठेवला. बाहेर आले. वॉचमनने रिक्षा थांबवून दिली.

एकटीच असते. मी रोज दोन वेळा तिच्यासमोर बसून जेवते.

२९ जानेवारी, बुधवार

काही लिहिण्यासारखं नाही. भाजी खारट झाली. माझ्या हातची.

३ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाई आजपासून भिंगवाल्याच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसणार. चार्जर, पंखे, लोकांचे रिमोट. हृदयबिदय काही नाही. तोच म्हणाला होता, मॅडम, तोवर इथे या, हात चालू राहील. तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते त्यानेही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

सकाळी ती सामान बॅगेत भरत होती. मी दारात उभी राहिले.

"मी त्या कंपनीत गेले होते."

"माहितीये. त्या बाईंचा फोन आला होता त्याच दिवशी."

"आणि आठवडाभर गप्प राहिलीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

मल्टिमीटरच्या वायरी ती बोटांभोवती गुंडाळत होती, एकसारखे वेढे.

"एकटीच असते म्हणालीस त्यांना."

"हो."

"खरं सांगितलं असतंस तर दुसरा बोर्ड मिळाला असता."

"माहीत होतं."

"मग का गं?"

तिने वायर गुंडाळून संपवली. "त्यांनी अर्ज पुढे केला, आई. कुणी, कसा, सगळं लिहून द्यायचं होतं. मला लिहिता येईना. नाव लिहायला घेतलं आणि वाटलं, एकदा लिहायला लागले तर थांबायची नाही."

मग मला कळलं की ती फक्त बोर्डाबद्दल बोलत नाहीये. इतकं उशिरा कळलं याची लाज वाटली. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणासाठी' असं लिहिताना ती तिथेही अशीच थांबली असणार, आणि मी बाजूला बसून स्वल्पविराम घालत होते. मला माझी खुर्ची सोडता आली असती. तीन वर्षं. तेव्हा मनातसुद्धा आलं नव्हतं. हे खोटं आहे. आलं होतं, एकदा, बसमध्ये. उतरेपर्यंत गेलं.

"आणि ते तेव्हाचं," मी म्हटलं, "तुझ्या नोकरीचं. मी तेव्हा..."

"बॅगेची चेन लागत नाहीये," ती म्हणाली. "जरा धरता का?"

मी धरली. दोन्ही हातांनी. तिने चेन ओढली.

निघताना दाराशी थांबली. सगळं सामान गेलं होतं, पट्टा तेवढा नळाला लटकत राहिला होता. मी म्हटलं, "हा राहिला."

"दुकानात आहे दुसरा. हा राहू दे. संध्याकाळी घरी काम आणलं तर लागेल." मग चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "टेबल पुसायचं असेल तर आधी बांधा."

आता साडेअकरा झालेत. घरात कुणी नाही. टेबल रिकामं आहे, दहा वर्षांपूर्वी पडलेल्या इस्त्रीच्या डागासकट. त्यावर बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी पट्टा बांधला, घट्ट केला, चिमटा नळालाच आहे याची खात्री करून घेतली. सुती फडकं घेतलं आणि पुसायला लागले.

वायर पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. तिथे बरीच धूळ आहे.

तो कोपरा तसाच राहू दिला.